मायचं चालणं

हैदराबादेत आमच्या नारायणगुड्याच्या घरात माय कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नसे. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीपुढे नळ आणि सगळीकडे शहाबादी फरशी. त्या फरशीवर मायचं एक पाऊल जड पडायचं, पुढचं हलकं, आणि हलक्या पावलामागे चपलेची जराशी फरफट. माझे वडील, अण्णा, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता पेपराची घडी एका हातात धरत आणि दुसरा हात पुढे करत, कारण चहा निघाला आहे हे त्यांना स्वयंपाकघरातून चार पावलं आधीच ऐकू आलेलं असे. सगळ्यांच्या आया अशाच वाजतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी गेले तेव्हा तिची आई मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि मी दचकले. बाई इतकी आवाज न करता चालू शकते याचंच मला नवल वाटलं होतं.

मायचा उजवा पाय आखूड होता. ती नांदेडकडच्या एका खेड्यातली. लहान असताना तिला ताप आला, उजव्या खुब्यात पू झाला, आणि गावात होता तेवढा इलाज होऊन ती पुष्कळ दिवस बाजेवर पडून राहिली. जगली, पण उठली तेव्हा पाय मागे राहिला होता. उजव्या पायावर भार आला की तिचं सगळं अंग उजवीकडे झुकायचं, मग डावा पाय पुढे पडला की परत सरळ व्हायचं. अण्णांचं गावही त्याच बाजूचं. त्यांच्या घरीही शेतीच होती, पण ते शिकून हैदराबादेत रेल्वेत लागले होते. ते फार बोलत नसत. मायला चालताना कुणी वळून बघितलं तर ते तिच्या आणि त्या माणसाच्या मधे येऊन चालू लागत. एवढंच करत.

घरात आम्ही तिघंच. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज, शेजारच्या लक्ष्मीअक्कांच्या कुकरची शिट्टी, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इराणी हॉटेलातून सायकलवर निघालेल्या पावाचा वास. माय अंबाडीची भाजी आमच्या पद्धतीनं करायची, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. लक्ष्मीअक्का तिच्याच पानांचा गोंगुरा करून वाटी पाठवायच्या. एकाच झाडाची पानं दोन घरांत दोन भाषा बोलायची आणि मी दोन्ही खायची. माय लक्ष्मीअक्कांशी तेलुगूत बोलायची, दूधवाल्याशी दखनीत, अण्णांशी मराठीत, आणि भांडायचं असलं की तिन्ही एकत्र करायची. आज माझी नात पुण्याहून फोनवर हसते, "आजी, तू हो म्हणायच्या ऐवजी हौ का म्हणतेस?" काय सांगू तिला. आमच्या घरात होकार तसाच ऐकत मोठी झाले.

मी खो-खो खेळायची. चांगली खेळायची, हे आता या वयात सांगायला हरकत नाही. अंगानं किडकिडीत, पण खांबापाशी वळायला अशी चपळ की आमचे सर शेवटचा खो माझ्यासाठी राखून ठेवायचे. राज्याच्या मुलींच्या संघाची निवड व्हायची होती आणि आमच्या मैदानावरून माझं नाव जाणार हे सगळे धरून चालले होते. त्याच सुमारास सरावात एकदा खांबाला वळसा घालताना माझा डावा पाय जमिनीत रुतला, अंग वळलं आणि गुडघा तिथेच राहिला. आतून काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला. मी खाली बसले. दुखणं नंतर आलं, आधी आली ती भीती. आपलाच पाय आपल्या ओळखीचा राहिला नाही, अशी भीती.

प्लास्टर झालं, निघालं. आत पाहिलं तर मांडी शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक. गुडघ्याची सूज उतरली पण जिना उतरताना तो मधेच सटकायचा, जणू कुणी मागून टपली मारतंय. दवाखान्यात सांगितलं, आतला अस्थिबंध गेलाय, खेळ आता विसरा, संसाराला पाय पुरेल. हे त्यांनी चांगल्या भावनेनंच सांगितलं असणार. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माय ताट आणून ठेवायची, उचलून न्यायची.

सरांनीच मग वसुंधरा मॅडमचं नाव काढलं. तारनाक्याच्या पुढे विद्यापीठाच्या आवारात त्यांना एक खोली मिळाली होती. परदेशात शिकून नुकत्याच परतल्या होत्या आणि काय शिकून आल्या हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. सर म्हणाले, "माणूस हलतो कसा, ते शिकल्यात. डॉक्टर हाडं बघतात, या हाडं चालताना बघतात." अण्णांना कामावरून सुट्टी मिळणं अवघड, म्हणून माझ्याबरोबर माय निघाली. मी कुबडीवर, ती तिच्या चालीनं. बसच्या पायऱ्या चढताना कंडक्टरनं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि बस जरा जास्त वेळ थांबवली. त्या कंडक्टरला मी अजून दुवा देते.

ती खोली म्हणजे एक जुनं कोठार होतं. एका बाजूला पट्टा मारलेली लांब फरशी, तिच्यासमोर तिवईवर व्हिडिओ कॅमेरा, कोपऱ्यात टीव्ही. मॅडम उंच, सावळ्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. त्यांनी माझ्या खुब्यावर, गुडघ्यावर, घोट्यावर मोठ्या लाल टिकल्या चिकटवल्या, बायका कपाळाला लावतात त्याच. माय बाकावर बसून मेथी निवडत होती. तिनं हळूच मला विचारलं, "गुडघ्याला कुंकू कामून लावायलीत या बाई?" मॅडमना मराठी येत नव्हती, पण त्यांना कळलं आणि त्या हसल्या. मग मला बुटक्या स्टुलावरून खाली उतरायला लावलं, चित्र घेतलं, टीव्हीच्या काचेवर पारदर्शक प्लॅस्टिक लावून एकेक चित्र थांबवलं आणि टिकल्यांच्या जागी पेनानं ठिपके दिले. ठिपके रेघांनी जोडले. मी तिथं होते, आणि नुसत्या रेघांची होते. खाली उतरताना माझे दोन्ही गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे कलत होते, दुखावलेला आणि चांगलाही. "बघ," मॅडम म्हणाल्या, "तुझा पाय त्या दिवशी अचानक नाही मोडला. तू रोज अशीच उतरत होतीस." त्या तेलुगूत बोलत, मधे दखनी घालत. मी इथे मराठीत लिहिते आहे.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं झालं. इतके दिवस मी नशिबाला, मैदानाला, त्या खांबाला दोष देत होते. इथे कुणीतरी मला एक रेघ दाखवून सांगत होतं की ही वाकडी आहे आणि ती सरळ करता येते. मी विचारलं, मी परत खेळेन का? मॅडम पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "खो-खोचं वचन मी देणार नाही. म्हातारपणापर्यंत जिने चढणारा गुडघा मिळेल, तो तू आणि मी मिळून करू." मग सुरू झालं शिकणं. बसून उठणं, एका पायावर उभं राहणं, उतरणं. उतरताना आवाज होता कामा नये, एवढाच त्यांचा नियम. आवाज झाला की त्या पाठमोऱ्या असूनही म्हणत, "फिर से." मांडीत हळूहळू मांस भरू लागलं. आज मी हेच काम करते आणि शिकवते. माझ्या खोलीत भिंतीला लावलेले कॅमेरे आहेत, अंगाला चिकटवायचे चमकते गोळे आहेत, आणि त्या रेघा संगणक आपण होऊन काढतो. विद्यार्थी पडद्याकडेच बघत राहतात. मी त्यांना डोळे मिटून पेशंटचं उतरणं ऐकायला लावते तेव्हा त्यांना वाटतं बाईंचं वय झालं.

एक दिवस आमचं काम लवकर संपलं. माय नळावर पाण्याची बाटली भरायला गेली होती. बाटली आणि भाजीची पिशवी घेऊन ती त्या पट्ट्याच्या फरशीवरून आमच्याकडे चालत आली. मॅडम कॅमेरा झाकत होत्या, त्या थांबल्या. डोळे बारीक करून त्यांनी मायला पार बाकापर्यंत येताना पाहिलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "अम्मा, जरा फिरसे चलके दिखाते?"

मायचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती बसली नाही. पिशवी उचलून दारातून बाहेर गेली. मी मागे लंगडत गेले. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं भाकऱ्या केल्या, अण्णांना वाढलं, आणि भांडी घासता घासता पाठमोरीच बोलली. "मला बघायला यायचे तवा हेच म्हणायचे सगळे. पोरीला जरा चालून दाखवायला सांगा. मी इकडून तिकडं चालायची. मग चहा पिऊन जायचे, आणि निरोप यायचा." मग म्हणाली, "तुझ्या अण्णाच्या घरच्यांनी पण म्हटलं होतं. तुझे अण्णा म्हणाले, बसू द्या तिला." अण्णा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची, पण आमच्या घरात ती पहिल्यांदा बोलली गेली ती त्या संध्याकाळी.

पुढल्या वेळी माय आली नाही. अण्णांनी अर्धी सुट्टी काढली. मॅडमनी विचारलं, अम्मा कुठायत? मला खोटं सुचलं नाही. मी जे ऐकलं होतं ते सगळं सांगून टाकलं. मॅडम स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "घराचा पत्ता दे."

रविवारी दुपारी त्या आमच्या दारात उभ्या. हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा, कपाळावर घाम. माय स्वयंपाकघरातून बघत होती. मॅडम चपला काढून सरळ आत गेल्या आणि मायच्या समोर जमिनीवर बसल्या. "अम्मा, मैं पूछी सो तरीका गलत था. माफ करो," त्या म्हणाल्या. शिकलेल्या बाईनं आपल्या चुलीपुढे बसून माफी मागावी असं मायच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिनं ताट वाढायला घेतलं. भाकरी, अंबाडी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मॅडमनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, आमच्या घरी गोंगुरा याहून आंबट करतात. "मग तुमच्या घरी लसूण कमी घालत असतील," माय म्हणाली. तिथून दोघी पानं, कण्या आणि मिरच्यांवर बोलू लागल्या आणि मी दारात उभी राहून श्वास सोडला.

जेवण झाल्यावर नळाला पाणी आलं. माय उठली, बादली भरली आणि उजव्या हातात धरून स्वयंपाकघराकडे निघाली. अण्णा सवयीनं पुढे झाले आणि तिच्या उजव्या हातातली बादली काढून डाव्या हातात देऊ लागले. "त्या पायावर भार नको म्हणतो तरी हिला कळत न्हाई," ते म्हणाले. हे आमच्या घरात नेहमीचंच होतं. ते प्रेमानं बादली डावीकडे द्यायचे, आणि त्यांची पाठ वळली की माय परत उजवीकडे घ्यायची.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मायला विचारलं, उजव्याच हातात का घेता?

माय संकोचली. "काय म्हाईत. असं हलकं वाटतं."

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं त्यांना काहीतरी सापडलं आहे. आणि खरंच सापडलं होतं. त्यांनी आमच्या फरशीवर खडूनं एक खुबा काढला आणि त्यावर तराजूसारखी आडवी दांडी. उजव्या पायावर उभं राहिलं की शरीराचं सगळं वजन डावीकडे खाली जायला बघतं. त्याला धरून ठेवायला उजव्या खुब्याच्या बाजूचा स्नायू जोरात ओढतो, आणि त्या ओढण्यानंच सांधा चेपला जातो. वजन उजवीकडे आणलं तर स्नायूला तेवढं ओढावं लागत नाही. बादली उजवीकडे घेतली की सांध्याला आराम. अंग उजवीकडे झुकवलं तरी आराम. "अम्मा," त्या म्हणाल्या, "तुम्ही झुकता ती खोड नाही. तुमच्या शरीरानं लहानपणीच हे गणित सोडवलं आणि इतकी वर्षं तो सांधा वाचवत आणला. तुमच्या झुकण्यानंच तो टिकला."

माय बादली घेऊन तशीच उभी होती. सगळं तिला समजलं असं नाही. पण जन्मभर तिला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, सरळ चाल. आईनं सांगितलं, मावश्यांनी सांगितलं, बाजारातल्या अनोळखी बायांनी सांगितलं. पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं की तुझं वाकडं चालणं शहाणं होतं. तिनं बादली खाली ठेवली आणि पदरानं हात पुसले. "तुमच्या त्या टीव्हीत," ती म्हणाली, "मला माझं चालणं दिसंल का?"

दिसलं. पुढच्या आठवड्यात ती आपण होऊन त्या पट्ट्यावरून चालली. मॅडमनी कॅमेऱ्यामागे कुणालाच थांबू दिलं नाही, फक्त मला थांबवलं. मग तिला टीव्हीसमोर बसवलं. मायनं स्वतःला चालताना कधीच पाहिलं नव्हतं. आमच्या घरात वीतभर आरसा होता, त्यात फक्त तोंड दिसायचं. ती पडद्याच्या अगदी जवळ सरकली. हिरवं लुगडं नेसलेली एक बाई या कडेकडून त्या कडेला गेली, झुकत, सावरत, झुकत, सावरत. "अजून एकदा लावा," माय म्हणाली. पुन्हा लावलं. ती बाई पुन्हा गेली. माय मागे टेकली.

"मला वाटायचं त्यापेक्षा पुष्कळ बरी चालते की मी," ती म्हणाली.

मी या कामात आयुष्य घालवलं. लोकांची चाल मोजली, बदलली, पुन्हा मोजली. कुणी पडल्यानंतर, कुणी अर्धांगाच्या झटक्यानंतर, कुणी खेळात पाय मोडल्यानंतर माझ्याकडे आलं. त्यांना पहिल्यांदा पडद्यावर त्यांचीच चाल दाखवायची वेळ येते तेव्हा मी अजूनही जरा पुढे वाकून बसते. हे काम मला कुणी दिलं असं कुणी विचारलं तर मी माय टीव्हीसमोर बसली त्या दिवसाचं नाव घेते. माझा गुडघा मॅडमनी बरा केला त्याचे उपकार आहेतच. नंतर मी कॉलेजच्या संघात खेळलेही, पूर्वीइतकी चपळ नव्हते, पण उतरायची मात्र मांजरीसारखी. राज्याच्या संघात दुसरी मुलगी गेली आणि तिनं चांगलं नाव काढलं. तेव्हा मला ते लागायचं. आता लागत नाही.

मायची चाल टीव्हीत बघून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, झुकण्यानं सांधा वाचला पण पाठ दमते, आता पाठीची सोय करू. उजव्या चपलेला तळ चढवायचा आणि डाव्या हातात काठी धरायची. डाव्या हातात का, हे अण्णांना पटेना, कारण दुखरा पाय उजवा. मॅडमनी त्यांना भिंतीशी एका पायावर उभं केलं, दुसऱ्या बाजूच्या हातानं टेबलाला टेकायला लावलं, आणि अण्णा म्हणाले, "हौ, हे खरंच हलकं आहे." पण माय काठीला तयार नव्हती. काठी म्हातारीची. मग मॅडम म्हणाल्या, छत्री चालेल. हैदराबादच्या उन्हात छत्रीला कोण हसणार?

अण्णा कोठीच्या बाजारात गेले. मी बरोबर होते. एका दुकानात त्यांनी एकेक लांब दांड्याची छत्री मागितली, जमिनीवर टेकवली आणि डाव्या हातानं तिच्यावर भार देऊन उजव्या पायावर दोन पावलं चालून पाहिली. अगदी मायसारखी, झुकून. कधीही चारचौघांत मोठ्यानं न बोलणारा माझा बाप भर दुकानात बायकोच्या चालीनं चालत होता. दुकानदार म्हणाला, "साब, पाँव में क्या हुआ?" अण्णा म्हणाले, "मेरे नई. घर में." आणि त्यांनी सगळ्यांत जाड दांड्याची निवडली. चपलेचा तळ गल्लीतल्या चांभारानं मॅडमनी काढून दिलेल्या मापानं चढवला.

मायला सवय व्हायला वेळ लागला. आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग देवळापर्यंत, मग बस थांब्यापर्यंत, तेही आमच्यापैकी कुणी सोबत असताना. तोवर बाजारहाट अण्णाच करायचे. दूरचं असलं की ती म्हणायची, तुम्हीच जा. मी तिला कधी एकटीनं बाहेर गेलेलं पाहिलं नव्हतं, आणि ते वेगळं आहे असंही मला वाटलं नव्हतं.

एके दिवशी कॉलेजातून आले तर दाराला कुलूप. लक्ष्मीअक्का म्हणाल्या, जेवून गेली, सांगितलं नाही कुठे. अण्णा आले. आम्ही ओट्यावर बसलो. अण्णा दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. ऊन कलायला लागलं तेव्हा ती दिसली. चेहरा लाल झालेला, केस घामानं कपाळाला चिकटलेले, डाव्या हातात छत्री, उजवा हात रिकामा.

"कुठं गेली होतीस?" अण्णांनी विचारलं. आवाजात राग आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो आला नाही.

"कोठीला."

"काय आणायला?"

"काही न्हाई." ती पायरीवर बसली. "इतकी वर्षं बसमधून बघायची. सगळं भुर्रकन मागं जायचं. आज चालत गेले, एकेक दुकान बघितलं. पुस्तकवाल्यापाशी उभी राहिले. बांगड्या भरायलेल्या बाया बघितल्या. दमले की टेकायची, मग परत निघायची."

"कुणी काही म्हणालं का?"

"बघितलं का कुणी, ते मी बघितलंच न्हाई," ती म्हणाली.

अण्णांनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे धरला. तिनं तो एका दमात संपवला, तोंड पुसलं, आणि उद्या हिमायतनगरच्या बाजूनं जाऊन बघते म्हणाली.